पत्त्याची छपाई: सी भाषेतील पॉइंटर आणि विजोड फॉरमॅट यांचा आढावा

जयपूरच्या मालवीय नगर परिसरात, जवाहरलाल नेहरू मार्गाच्या कडेला, १९६३ साली मालवीय रीजनल इंजिनिअरिंग कॉलेज या नावाने जी संस्था स्थापन झाली आणि २००२ साली जिला राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेचा दर्जा मिळाला, तिच्यातील निम्म्या जागा अन्य राज्यांतील विद्यार्थ्यांसाठी असल्याने महाराष्ट्रातील मुलेमुलीही तेथे शिकावयास येतात. आणि घरी नाना भाषा बोलणाऱ्या अशा तरुण मंडळींना आपल्या देशातील अभियांत्रिकीच्या आरंभीच्या काळात जी एक भाषा बहुधा समान असते, ती सी. या भाषेत पॉइंटरचे प्रकरण सुरू झाले, की एखाद्या व्हेरिएबलचा स्मृतीतील पत्ता पडद्यावर छापून दाखविण्याचा प्रसंग येतोच. तो छापताना फॉरमॅटची कोणती खूण वापरावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो. वस्तुतः त्याच्या पोटी भाषेचा इतिहास, यंत्राची घडण, अध्यापनाची परंपरा आणि सुरक्षिततेचे काही गंभीर प्रसंग असे पुष्कळ काही साठलेले असल्याने त्या सर्वांचा एकत्र परामर्श घेणे अगत्याचे वाटते.

प्रथम मूळ व्यवहार ध्यानात घेतला पाहिजे. प्रिंटएफ या फंक्शनला आपण एक मजकूर देतो आणि त्यामागोमाग काही किमती देतो. मजकुरातील %डी, %यू, %एफ, %एस, %पी यांसारख्या खुणा त्या किमतींचे वाचन कसे करावयाचे हे सांगतात. तथापि त्या किमती प्रिंटएफच्या हाती पडतात तेव्हा त्यांच्यासोबत त्यांच्या प्रकाराची कोणतीही नोंद नसते. पडतात ते केवळ बिट. जयपूरच्या जंतरमंतरात सवाई जयसिंहांनी उभारलेल्या यंत्रांपैकी दिगंश यंत्रावर क्षितिजावरील दिशेचा कोन वाचतात आणि नाडीवलय यंत्रावर काळ वाचतात. तेथून कोणी ‘१५’ एवढाच आकडा टिपून आणला आणि यंत्राचे नाव सांगितले नाही, तर ते अंश की घटिका, हे कोणत्याही ज्योतिर्विदास सांगता यावयाचे नाही. प्रिंटएफची स्थिती तीच आहे. यंत्राचे नाव त्याला प्रोग्रॅम लिहिणारा सांगतो, आणि ते खरे की खोटे याची शहानिशा करण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नाही.

ही व्यवस्था इतकी भाबडी का ठेवली गेली, असा प्रश्न जिज्ञासूस पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सीच्या पूर्वजाकडे पाहिल्याखेरीज मिळत नाही. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन यांनी १९७० च्या सुमारास घडविलेल्या बी या भाषेत प्रकार ही कल्पनाच नव्हती. प्रत्येक किंमत म्हणजे यंत्राचा एक शब्द, मग तो पूर्णांक असो, अक्षर असो वा पत्ता असो. प्रिंटएफ त्या भाषेतही होते, आणि तेथे %डी, %ओ, %सी, %एस या खुणा एकाच आकाराच्या शब्दाचे निरनिराळ्या रीतींनी वाचन करीत. चुकीची खूण दिली तर निरर्थक मजकूर छापला जाई. परंतु किमतीच्या आकारात तफावत पडण्याचा संभवच नव्हता. पुढे १९७२ च्या आसपास डेनिस रिची यांनी सी घडविली, तीत इंट, कॅर, फ्लोट, डबल असे प्रकार आले, त्यांचे आकार भिन्न झाले, आणि प्रिंटएफ मात्र मागील भाषेतून जसेच्या तसे पुढे चालत आले. १९८९ च्या अमेरिकन प्रमाणकाने फंक्शनांच्या प्रोटोटाइपची सोय करून बहुतेक ठिकाणी प्रकारांची रुजवात कंपायलरकडे सोपविली, तेव्हाही ज्या फंक्शनांच्या प्रोटोटाइपमध्ये तीन टिंबे असतात त्यांच्या बाबतीत टिंबांपुढील किमती या रुजवातीबाहेरच राहिल्या. तेथे एवढाच नियम चालतो, की फ्लोट असेल तो डबल करून पाठवावा आणि कॅर किंवा शॉर्ट असेल तो इंट करून पाठवावा. विजोड खुणांचे समग्र प्रकरण या एका जागी उगम पावते, असे माझे मत आहे.

आता आपल्याकडील परंपरेकडे वळू. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक भारतभर ज्या संख्येने वाचले गेले, तशी मान्यता संगणकविषयक दुसऱ्या भारतीय पुस्तकास क्वचितच लाभली असेल. काश्मीरपासून केरळापर्यंतच्या विद्यार्थ्यांना पॉइंटरची भीती न वाटावी याचे श्रेय या मराठी लेखकाला निःसंकोच दिले पाहिजे. त्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांत व्हेरिएबलचा पत्ता %यू या खुणेने छापलेला आहे, त्याचे फळ म्हणून ६५५२४ यासारखा आकडा दाखविला आहे, आणि पत्त्याला ऋण-धन चिन्ह नसते म्हणून ही खूण, असे कारण दिले आहे. त्या काळच्या यंत्रावर हे सर्व यथार्थ होते. बोरलँड कंपनीचा १९८७ साली निघालेला टर्बो सी हा कंपायलर डॉसवर चाले. त्यात इंट दोन बाइटांचा असे, आणि लहान मेमरी मॉडेलमध्ये पॉइंटरही दोनच बाइटांचा असे. दोहोंचा आकार एक, म्हणून %यू ने पत्ता अचूक उमटे. शिवाय त्या मॉडेलमध्ये डेटा आणि स्टॅक हे ६५५३६ बाइटांच्या एकाच सेगमेंटमध्ये नांदत आणि स्टॅक वरच्या टोकापासून खाली वाढत जाई. म्हणूनच मेन फंक्शनातील व्हेरिएबलचा पत्ता त्या टोकाच्या अवघा १२ बाइट खाली, म्हणजे ६५५२४, असा येत असे. विद्यार्थ्याने %डी वापरले तर तेच बिट उणे १२ म्हणून वाचले जात, आणि पत्ता ऋण कसा, या त्याच्या रास्त शंकेला %यू हे उत्तर मिळत असे.

हे उत्तर एका विशिष्ट कंपायलरच्या एका विशिष्ट मॉडेलपुरते खरे होते, आणि विद्यार्थ्याच्या मनात मात्र ते भाषेचा नियम म्हणून रुजले. त्याच टर्बो सीमध्ये मोठे मॉडेल निवडले की पॉइंटर चार बाइटांचा होई, त्यात सेगमेंट आणि ऑफसेट असे दोन भाग असत, आणि %यू त्यांतील केवळ ऑफसेट छापून मोकळे होई; परंतु मोठ्या मॉडेलपर्यंत पोहोचणारे विद्यार्थी थोडे. पुढे यंत्रे ३२ बिटांची आणि नंतर ६४ बिटांची झाली, ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे प्रोग्रॅम चालेनासे झाले, तरी कित्येक महाविद्यालयांत आणि संगणकाच्या खाजगी वर्गांत डॉसबॉक्स या नकली डॉसच्या आत टर्बो सी चालविण्याचा परिपाठ टिकून राहिला. आधुनिक संगणकासमोर बसलेल्या मुलाला अशा रीतीने एका अस्तंगत यंत्राचे स्मृतिचित्र शिकविले जाते; हे मला मनापासून खेदजनक वाटते, कारण ज्या मुलाला तेथे ६५५२४ दिसते त्याला आपल्याच संगणकाच्या स्मृतीविषयी काहीएक खरे ज्ञान झालेले नसते.

हाच मुलगा पुढे लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर वापरू लागला की काय होते, ते तपशिलाने पाहण्याजोगे आहे. ६४ बिटांच्या इंटेल प्रकारच्या यंत्रावर प्रोग्रॅमला मिळणारी पत्त्यांची मर्यादा साधारणतः २ चा ४७ वा घात, म्हणजे १४०७३७४८८३५५३२८ इतकी असते आणि स्टॅक तिच्या वरच्या टोकाजवळ असतो. सबब स्थानिक व्हेरिएबलचा पत्ता दशमानात लिहिला तर बहुधा १४० ने सुरू होणारा १५ अंकी आकडा होतो. %यू मात्र चार बाइट वाचते. त्यामुळे पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळून पडतो आणि ४२९४९६७२९६ ने भागून उरणारी बाकी तेवढी पडद्यावर येते. %डी वापरले तर त्या बाकीवर ऋणचिन्हही चढू शकते. आणि पत्त्यांची मांडणी प्रत्येक वेळी मुद्दाम बदलण्याची पद्धत लिनक्समध्ये २००५ पासून रूढ झाल्याने, दर खेपेस आकडा निराळा येतो. इतके होऊनही विद्यार्थ्याला संशय येत नाही, याचे कारण मोठे मार्मिक आहे: पूर्णांकांच्या ॲरेतील लागोपाठच्या घटकांचे पत्ते त्याने छापले, तर त्या कापलेल्या आकड्यांतही चार-चारचे अंतर बिनचूक दिसते. पुस्तकात सांगितलेला नियम पडताळून पाहिला आणि तो खरा ठरला, असे समाधान त्याला मिळते. उत्तर बरोबर दिसणे हा प्रोग्रॅम बरोबर असल्याचा पुरावा होऊ शकत नाही, हे सी भाषेत जितक्या लवकर उमगेल तितके हितावह आहे.

पत्त्यांपेक्षाही दशांश संख्यांच्या बाबतीत विजोड खुणेचे फळ अधिक चक्रावून टाकणारे असते. समजा, मजकुरात आधी %डी आणि मग %एफ लिहिले, आणि किमती मात्र उलट क्रमाने दिल्या: आधी ३.५, मग ७. जुन्या ३२ बिटांच्या यंत्रावर सर्व किमती स्टॅकवर एकापुढे एक रचल्या जात. तेथे %डी ने ३.५ या डबलच्या आठ बाइटांपैकी खालचे चार उचलले असते, आणि ते चारही शून्य असल्यामुळे ० छापले असते. मग %एफ ने उरलेले चार बाइट आणि सातचे चार बाइट जोडून एक अतिसूक्ष्म संख्या वाचली असती, जी छापताना ०.०००००० होते. ६४ बिटांच्या लिनक्सवर मात्र पूर्णांक आणि पॉइंटर सामान्य रजिस्टरांतून जातात, दशांश संख्या निराळ्या एक्सएमएम रजिस्टरांतून जातात, आणि प्रिंटएफ खूण पाहून त्या-त्या रजिस्टराकडे वळते. परिणामी पडद्यावर ७ आणि ३.५००००० असे छापले जाते. लिहिणाराने क्रम चुकविला आणि यंत्राने तो आपोआप सुधारला, असा भास होतो. त्याच प्रोसेसरवर विंडोज असेल, तर तेथील संकेतानुसार किमती ज्या क्रमाने दिल्या त्याच क्रमाने वाचल्या जात असल्याने पुन्हा ० आणि ०.०००००० दिसतात. एक प्रोसेसर, एक प्रोग्रॅम, दोन भिन्न फळे, आणि दोहोंपैकी कोणत्याही कंपायलरने आपले वचन मोडलेले नाही.

वचन मोडलेले नाही असे मी म्हणतो, ते प्रमाणकाच्या आधारे. खूण आणि किमतीचा प्रकार यांचा मेळ नसेल तर प्रोग्रॅमचे वर्तन अपरिभाषित राहील, एवढे सांगून प्रमाणक थांबते. अपरिभाषित म्हणजे काहीही घडो, त्याबद्दल कंपायलरला जाब विचारता येणार नाही. पत्त्यासाठी प्रमाणकाने १९८९ मध्ये %पी ही स्वतंत्र खूण दिली आणि तिच्यासाठी व्हॉइड प्रकाराचा पॉइंटर हवा अशी अट घातली. म्हणून इंटचा पॉइंटर छापताना तो व्हॉइड पॉइंटरमध्ये कास्ट करून देणे हाच शास्त्रशुद्ध मार्ग होय. आजच्या सामान्य यंत्रांवर सर्व पॉइंटर एकाच घडणीचे असल्याने ही अट निरर्थक वाटेल. परंतु डेटा जनरल कंपनीच्या एक्लिप्स एमव्ही मालिकेसारख्या यंत्रांत शब्दाचा पॉइंटर आणि बाइटचा पॉइंटर यांची मांडणीच निराळी असे, आणि अशा यंत्रांवर सी चालली पाहिजे या जाणिवेतून ती अट आलेली आहे. %पी ने पत्ता नेमका कोणत्या रूपात उमटावा, हे मात्र प्रमाणकाने प्रत्येक कंपायलर-लायब्ररीवर सोपविले. रिकामा पॉइंटर लिनक्सच्या ग्लिबसी या लायब्ररीत ‘निल’ असा कंसात छापला जातो, विंडोजवर शून्यांची माळ दिसते. पत्ता खरोखर संख्या म्हणूनच हवा असेल, त्यावर गणित करावयाचे असेल, तर १९९९ च्या प्रमाणकातील युइंटपीटीआर-टी हा प्रकार आणि त्याची स्वतंत्र खूण उपलब्ध आहे. साइझ-टी साठी %झेडयू ही खूणही त्याच प्रमाणकाची देणगी. लाँग हा प्रकार लिनक्सवर ८ बाइटांचा आणि विंडोजवर ४ बाइटांचा असल्यामुळे %एलयू ने काम भागविण्याची युक्ती एका ठिकाणी तरते आणि दुसऱ्या ठिकाणी बुडते.

छापण्यातील चुकीने निदान चुकीचे वाचन तरी होते. स्कॅनएफमधील चुकीने चुकीचे लेखन होते, आणि म्हणून ती अधिक भयावह आहे. स्कॅनएफला व्हेरिएबलचा पत्ता हवा असतो. अँपरसँडचे चिन्ह विसरले तर व्हेरिएबलमध्ये योगायोगाने पडून असलेली किंमतच पत्ता समजून तेथे लिहिण्याचा यत्न होतो आणि प्रोग्रॅम बहुधा कोसळतो; कोसळला तर ते भाग्यच म्हणावे, कारण चूक लगेच उघडकीस येते. एका बाइटच्या कॅरचा पत्ता %डी ला दिला, तर चार बाइट लिहिले जाऊन शेजारच्या तीन बाइटांतील मजकूर नाहीसा होतो आणि त्याची कैफियत कोठे तरी दूरच्या ओळीत उमटते. डबलसाठी %एफ दिले तर आठांपैकी चारच बाइट भरले जातात. प्रिंटएफमध्ये फ्लोट आणि डबल दोहोंना %एफ चालते, मग स्कॅनएफमध्ये डबलला %एलएफ कशासाठी, हा प्रश्न प्रत्येक वर्गात निघत असेल. त्याचे उत्तर वर सांगितलेल्या नियमात आहे. छापताना फ्लोटचा डबल होऊनच पोहोचतो, परंतु पॉइंटर ज्याकडे बोट दाखवितो त्या जागेचा आकार कोणी वाढवून देत नाही.

या सर्व चुका प्रोग्रॅम लिहिणाराच्या हातून अजाणता होतात. १९९९-२००० च्या सुमारास असे ध्यानात आले, की फॉरमॅटचा मजकूर परक्या माणसाच्या स्वाधीन झाला तर तो जाणूनबुजून विजोड खुणा पेरू शकतो. वापरणाराने दिलेला मजकूर %एस मार्फत न छापता सरळ प्रिंटएफच्या पहिल्या जागी ठेवणे, एवढीच ती चूक. पाठविणारा त्यात %पी च्या रांगा घालून स्टॅकवरील पत्ते वाचतो, आणि %एन घालून स्मृतीत लिहितोही. कारण %एन ही खूण आतापर्यंत किती अक्षरे छापली ती संख्या दिलेल्या पत्त्यावर लिहून ठेवते. डब्ल्यूयू-एफटीपीडी या तेव्हा सर्वत्र वापरात असलेल्या फाइल-सर्व्हरवर २००० साली याच मार्गाने बाहेरच्या माणसास संपूर्ण ताबा मिळविता येतो हे सिद्ध झाले. मायक्रोसॉफ्टने २००५ च्या व्हिज्युअल स्टुडिओपासून %एन मुळातच बंद ठेवले. तरी जून २०२१ मध्ये असे आढळले, की ‘%पी%एस%एस%एस%एस%एन’ अशा अर्थाच्या रोमन अक्षरांचे नाव असलेल्या वाय-फाय जाळ्याला आयफोन जोडला की त्याचे वाय-फाय निकामी होते, आणि नेटवर्कच्या सेटिंग पुसून टाकल्याखेरीज ते पूर्ववत होत नाही; पुढील महिन्यात ॲपलने आयओएस १४.७ मध्ये दुरुस्ती केली. पत्ता बाहेर फुटणे हेच संकट, हे ओळखून लिनक्सच्या कर्नेलनेही २०१८ च्या जानेवारीतील ४.१५ आवृत्तीपासून आपल्या छपाई-फंक्शनातील %पी खरा पत्ता न दाखविता त्याचे एक सांकेतिक रूप दाखवील अशी व्यवस्था केली.

उपाय नाहीत असे नाही, आणि ते अवघडही नाहीत. फॉरमॅटचा मजकूर प्रोग्रॅममध्येच शब्दशः लिहिलेला असेल तर कंपायलर त्यातील खुणा वाचून पुढील किमतींशी ताडून पाहू शकतो. जीसीसीला ‘डब्ल्यू-ऑल’ हा पर्याय दिला की ही तपासणी सुरू होते. क्लँग हा दुसरा कंपायलर ती न सांगताच करतो, आणि उबंटूने आपल्या जीसीसीत ती आधीपासून चालू ठेवलेली आहे. %यू ला पॉइंटर दिला की दोन्ही कंपायलर स्पष्ट शब्दांत हरकत नोंदवितात. पेडँटिक हा आणखी एक पर्याय दिला तर इंटचा पॉइंटर कास्ट न करता %पी ला दिल्याचीही ते दखल घेतात. स्वतः लिहिलेल्या छपाई-फंक्शनांनाही ही तपासणी लागू करण्याची सोय जीसीसीत आहे. शिकविणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे, की पॉइंटरचा पहिला तास सुरू होण्यापूर्वी टर्बो सी कायमचा बाजूला ठेवावा, पत्ता छापावयाचा तो %पी नेच छापावा, आणि कंपायलरच्या इशाऱ्यासह संकलित झालेला प्रोग्रॅम प्रात्यक्षिकाच्या वहीत मान्य करू नये. परीक्षेत ‘या प्रोग्रॅमचे फळ काय’ असे विचारून विजोड खुणांचा प्रोग्रॅम देण्याची जी प्रथा आहे, ती तर सत्वर रद्द झाली पाहिजे. ज्या प्रश्नाचे उत्तर प्रमाणकाने दिलेलेच नाही, त्याला गुण कोणत्या आधारे द्यावयाचे?

एक क्षेत्र असे उरते, जेथे कंपायलरची दृष्टी पोहोचत नाही, आणि ते मराठीच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. सॉफ्टवेअरचे मराठीकरण करताना फॉरमॅटचा मजकूरच भाषांतरकाराच्या हाती जातो. इंग्रजी संदेशात आधी फायलींची संख्या आणि मग फोल्डरचे नाव येत असेल, तर मराठीत आधी ‘अमुक फोल्डरमध्ये’ आणि मग ‘इतक्या फायली’ असा क्रम स्वाभाविक ठरतो. भाषांतरकाराने खुणाही त्याच क्रमाने हलविल्या, तर %एस च्या वाट्यास संख्या येते, प्रिंटएफ त्या संख्येलाच पत्ता मानून तेथील अक्षरे वाचू पाहते आणि प्रोग्रॅम कोसळतो. पॉझिक्स प्रमाणकाने यासाठी खुणेत किमतीचा क्रमांक लिहिण्याची सोय दिली आहे: %२$एस म्हणजे दुसरी किंमत, ती वाक्यात कोठेही येवो. जीनूच्या गेटटेक्स्ट या व्यवस्थेत ‘सी-फॉरमॅट’ असा शिक्का असलेल्या प्रत्येक संदेशाचे भाषांतर मूळ खुणांशी ताडून पाहण्याचा पर्याय एमएसजीएफएमटी या साधनात आहे, आणि मेळ नसेल तर ते भाषांतर स्वीकारले जात नाही. ज्या सॉफ्टवेअरचे संदेश गेटटेक्स्टऐवजी स्वतःच्या एखाद्या कोष्टकात ठेवलेले असतात आणि प्रोग्रॅम चालू असताना वाचले जातात, तेथे अशी तपासणी ते घडविणारालाच लिहावी लागते. ती लिहिलेली नसेल, तर %डी च्या जागी %एस पडल्याची खबर मराठी ओळ लिहिणाऱ्याला मिळत नाही, कंपायलरलाही नाही, आणि मराठी निवडणाऱ्या वापरणाराचाच प्रोग्रॅम तेवढा बंद पडतो.